समेवर गप्प बसा : पेटीवाल्यांसाठी रेगे कीबोर्डची सुरुवात

गोव्यात फोंड्याकडच्या घरात मूल गुणगुणायला लागलं की त्याच्यापुढे आधी पेटी येते. माझ्याही आली. देवळातली भजनं, चवथीच्या आरत्या, श्रावणातले सप्ताह, एकदोनदा स्पर्धा, असं करत दहा-बारा वर्षं गेली. मग एका नोव्हेंबरात शिवोलीच्या एका ड्रमर मित्राने बोलावलं. सीझनमध्ये शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडी-हॉटेलात, वाजवायला त्यांना कीबोर्डवाला हवा होता, आणि वाजवायचं होतं रेगे, जमैकाचं संगीत. मला वाटलं, दोन-तीन कॉर्ड (एकदम दाबलेले तीन सूर) तर आहेत, त्यात काय मोठंसं.

त्याने ताल धरला. मी ए मायनर धरला आणि आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर दणकन ठेवून दिला, भात्यातली हवा संपेपर्यंत ताणतात तसा लांबवत. चार आवर्तनं झाली आणि त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. “त्या एकावर कोणाचंच काम नाही रे,” तो म्हणाला. “तिथे तू काय करतोयस?”

रेगेचा कीबोर्ड शिकणं म्हणजे मुख्यतः ते ‘एक’ सोडायला शिकणं. सूर तीन-चारच असतात, ते तुम्हाला आजही येतात. अडचण आहे ती सवयीची. ज्याला पेटी किंवा कीबोर्ड थोडाफार येतो पण रेगेशी ओळख नाही, त्याच्यासाठी मी ज्या क्रमाने शिकलो तो इथे मांडतो. चुकांसकट, कारण पेटीवाल्यांच्या चुका ठरलेल्या असतात.

आधी कान

जमैकात १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्का हा संगीतप्रकार आला, भरधाव. १९६६ च्या सुमारास तो मंदावून रॉकस्टेडी झाला आणि १९६८ च्या आसपास रेगे. वेग उतरला तशी सुरांमधली जागा वाढली आणि त्या जागेत ऑर्गन, पियानो, गिटार यांना आपापले कोपरे मिळाले. कीबोर्डवाल्याने जॅकी मिटू ऐकावा. स्टुडिओ वन या किंग्स्टनच्या स्टुडिओतली ऑर्गनची भाषा त्याने घडवली. विन्स्टन राइट ऐकावा. बॉब मार्लीच्या वेलर्स या बँडचे अर्ल लिंडो आणि टायरोन डाउनी ऐकावेत. मेलोडिका या फुंकायच्या छोट्या पेटीसाठी ऑगस्टस पाब्लो.

ऐकायचं मात्र हेडफोनवर. मोबाइलच्या स्पीकरला बास झेपत नाही, आणि बासशिवाय रेगे म्हणजे हुमणाशिवाय (माशाच्या कालवणाशिवाय) भात. एकच गाणं तीनदा लावा. पहिल्यांदा फक्त बासच्या मागे जा. दुसऱ्यांदा तो ‘चक्… चक्…’ असा तुटक आवाज शोधा. तो गिटारचा असतो, आणि बऱ्याचदा त्यालाच चिकटून पियानोचा. तिसऱ्यांदा त्याच्याही खाली भांड्यात पाणी उकळावं तशी गुडगुड ऐकू येते का पाहा. ती ऑर्गनची. त्या वाजवण्याला ‘बबल’ म्हणतात ते उगाच नाही. पहिल्या दिवशी ती ऐकू आली नाही तर नाराज होऊ नका. मला आठवडा लागला होता.

गोव्यात हे संगीत कानावर पडतंच. २०१६ मध्ये इथे गोवा सनस्प्लॅश हा रेगेचा महोत्सव सुरू झाला, आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावर संध्याकाळी कुठे ना कुठे त्याच दहा-बारा गाण्यांची आवर्तनं चालू असतात. शॅकवरचं ऐकून शिकू नका मात्र. तिथे बहुतेक वेळा कीबोर्डवाला एकटाच बास, कॉर्ड आणि गाणं तिन्ही सांभाळत असतो, आणि पोटासाठी केलेली ती तडजोड नवशिक्याला शैली वाटू लागते.

सामान थोडकं

एकसष्ट पट्ट्यांचा, हाताचा दाब ओळखणारा कोणताही कीबोर्ड चालेल. त्यात साधा पियानो आणि एक ऑर्गन असला की झालं. सस्टेन पेडल कपाटात ठेवा. या संगीतात आवाज लांबवणं हे काम नाही, तोडणं हे काम आहे. कीबोर्डमधलं ‘रेगे’ नावाचं तयार रिदमचं बटणही सुरुवातीला दाबू नका. ते सगळं स्वतःच वाजवतं आणि तुमचे हात आहेत तसेच अडाणी राहतात.

हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. किती मोठा घोटाळा होतो तो हिशेब पुढे येईलच.

आणि पावसाळा. आपल्याकडे जूनपासून चार महिने कपाटातले कपडेही बुरसतात, तिथे पट्ट्यांखालच्या रबरी कॉन्टॅक्टची काय कथा. कीबोर्ड बॅगेत घालून ऑक्टोबरपर्यंत विसरू नका. बॅगेबाहेर, वर सुती कपडा टाकून ठेवा, कपड्याखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी चालू करून सगळ्या पट्ट्या दाबा. समुद्राजवळ वाजवून आलात तर घरी आल्या आल्या कोरड्या मऊ फडक्याने पुसा. वीज जाऊन येते त्या क्षणी कीबोर्डचा प्लग भिंतीत नसावा एवढंही पथ्य पाळा.

मात्रा मोजणं : इथे घाई नको

रेगेची लय बहुधा मिनिटाला साठ ते नव्वद ठोक्यांच्या मध्ये असते. आपण पंचाहत्तर धरू. म्हणजे एक ठोका ०.८ सेकंदाचा. त्याचे चार समान भाग केले की प्रत्येक भाग ०.२ सेकंद, दोनशे मिलिसेकंद.

आता हे आपल्या भाषेत. दोन ठोके घ्या, प्रत्येकाचे चार भाग, झाल्या आठ मात्रा. म्हणजे आपला केरवाच. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर खाली. तबलजीने कितीही लग्ग्या घेतल्या तरी आपल्याला सम कुठे आहे ते पोटातून कळतं, कारण सगळे मिळून तिथे येतात.

रेगेच्या ‘वन ड्रॉप’ तालात पहिल्या मात्रेवर ड्रमर मोठा ढोल वाजवत नाही. तो टाकतो पाचवीवर, आणि स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेची टकही तिथेच. आपण जिथे हात उघडा दाखवतो तिथे त्यांचा सगळा भार, आणि आपण जिथे भार टाकतो तिथे पोकळी. ‘वन ड्रॉप’ हे नाव त्याचंच : एक गाळलेला. वेलर्सचा ड्रमर कार्लटन बॅरेट याने ही गोष्ट जगभर पोचवली. मला हे कागदावर आठ मात्रा लिहून काढल्यावर उमगलं, त्याआधी नुसतं कानाला काहीतरी उलटं वाटत होतं.

कीबोर्डची मुख्य जागा तिसरी आणि सातवी मात्रा. म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या बरोबर मधोमध.

काही शिक्षक हाच ताल दुप्पट वेगाने, दीडशेवर मोजतात. तेव्हा कीबोर्ड ‘दोन’ आणि ‘चार’वर येतो आणि ढोल ‘तीन’वर. दोन्ही बरोबर आहेत. एका व्हिडिओत एक, दुसऱ्यात दुसरं ऐकून गोंधळू नका. कोण कसं मोजतंय ते आधी पाहा.

पहिले चार दिवस कीबोर्डला हात लावू नका. घरात चाला. पाऊल पडेल ती पहिली आणि पाचवी मात्रा. दोन पावलांच्या मधोमध टाळी. दहा मिनिटं. मग टाळीच्या जागी तोंडाने ‘चक्’ म्हणा, हलकं, तुटक. मग मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा अॅप) पंचाहत्तरवर लावा आणि त्याची टकटक पावलांची आहे असं धरून टाळ्या द्या.

हे जमलं की खरा खेळ : मेट्रोनोम तोच ठेवा, पण आता त्याची टक ही टाळी आहे असं समजा आणि पाऊल दोन टकांच्या मध्ये टाका. पहिल्यांदा मिनिटभरात ताल उलटेल. मेंदू गुपचूप सगळं फिरवून टकीलाच सम करून टाकतो. पेटीवाल्यांच्या बाबतीत तर हमखास, कारण जो आवाज ठळक ऐकू येतो तीच सम असं आपण लहानपणापासून धरलंय. ताल उलटला की थांबा आणि पावलांपासून पुन्हा सुरू करा. चालू असतानाच दुरुस्त करायला जाऊ नका. त्या धडपडीने चूकच पक्की होते.

स्कँक

तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पडणाऱ्या त्या तुटक कॉर्डला ‘स्कँक’ म्हणतात. पियानोचा आवाज घ्या. उजव्या हाताने मधल्या सप्तकात ई, ए, सी या तीन पट्ट्या धरा. हा ए मायनर. पेटीच्या हिशेबात पांढरी सहाला सा मानलात तर प, सा आणि कोमल ग.

आता तिसऱ्या मात्रेवर दाबा आणि लगेच सोडा. लगेच म्हणजे किती? मात्रा दोनशे मिलिसेकंदांची आहे, आवाज तिच्या अर्ध्यात संपला पाहिजे. सकाळी पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंपू दाबत येतो तो आठवा. रबराचा फुगा दाबला, ‘पों’, संपलं. तो भोंपू लांबवत बसला तर पाव कोण घेईल.

पेटीवाल्याची पहिली चूक इथे होते. आपली बोटं पट्टीवर रेंगाळतात. पेटीवर दोन सुरांमध्ये फट पडली की गुरुजी रागावायचे. सूर सुरात मिसळला पाहिजे, बोट उचलण्याआधी दुसरं बसलं पाहिजे. ती दहा वर्षांची शिस्त इथे आड येते. उपाय एकच : दाबण्याकडे नाही, उचलण्याकडे लक्ष द्या. मनगट सैल ठेवून हात पट्टीवरून उडाला पाहिजे, तव्यावर बोट टेकलं तर उडेल तसा. पट्टी जोरात आपटायची गरज नाही. नवशिके जोर वाढवतात आणि त्यातच त्यांची लय पळते.

दुसरी चूक डाव्या हाताची. तो रिकामा बसलाय हे बघवत नाही म्हणून तो बास वाजवायला लागतो. बांधून ठेवा त्याला. मांडीवर पहिल्या-पाचव्या मात्रेला हलकी थाप देऊ द्या, एवढंच. बँडमध्ये बासवाला असतो, आणि रेगेत बास हाच राजा. त्याच्या हद्दीत कीबोर्डवाला शिरला की दोघांचाही चिखल होतो.

एका कॉर्डवर दहा मिनिटं न बिघडता जमेपर्यंत दुसऱ्या कॉर्डकडे जाऊ नका. कंटाळा येईल. येऊ द्या. या संगीतात कंटाळा गिळणारा माणूसच पुढे कामाचा ठरतो. चार मिनिटांच्या गाण्यात दोनच कॉर्ड असतात आणि शेवटचा स्कँक पहिल्याइतकाच नेमका लागतो.

दोन-तीन कॉर्ड, हात न हलवता

आता कॉर्ड बदलायचे. ए मायनर : ई, ए, सी. जी मेजर : डी, जी, बी. तिन्ही बोटं फक्त एकेक पांढरी पट्टी खाली सरकली, इतकंच. डी मायनरसाठी एफ, ए, डी : मधलं बोट जागेवर, कडेची दोन वर सरकली. एफ मेजर हवा तर एफ, ए, सी. म्हणजे डी मायनरमधलं वरचं बोट तेवढं परत खाली.

यामागचं तत्त्व एकच : प्रत्येक कॉर्ड मुळापासून धरायला हात उड्या मारत नेऊ नका. सर्वांत जवळच्या पट्ट्या शोधा. हात उडाला की स्कँकचा पोत बदलतो, एक जाड, एक पातळ, आणि ऐकणाऱ्याला कारण कळलं नाही तरी खटकतं.

रेगेचा मोठा भाग अशा दोन-तीन कॉर्डांत मावतो. ए मायनर आणि जी चार-चार आवर्तनं. ए मायनर आणि डी मायनर. मेजरमध्ये सी आणि एफ. सातवे, नववे सूर घालून कॉर्ड सजवायचा मोह ज्यांना जॅझचा नाद आहे त्यांना होतो. सध्या नको.

बबल : जिथे खरा घाम निघतो

आता ऑर्गन. आणि आता डावा हात मोकळा.

आठ मात्रा पुन्हा लिहा. पहिली रिकामी. दुसरीवर डावा, तिसरीवर उजवा, चौथीवर डावा. पाचवी रिकामी. सहावीवर डावा, सातवीवर उजवा, आठवीवर डावा. तोंडाने म्हणा : ‘— ड उ ड, — ड उ ड’. रिकाम्या जागी श्वास घ्या. खरोखरच घ्या, त्याने ती जागा भरायची सवय मोडते.

उजवा हात स्कँकचाच कॉर्ड, त्याच जागी. डावा हात त्याच तीन पट्ट्या एक सप्तक खाली. त्याहून खाली जाऊ नका, बास बसलाय तिथे.

पेटीवाल्यासाठी ही चढण इतरांपेक्षा उभी आहे. पियानो शिकलेल्याचा डावा हात पट्ट्यांवर वाढलेला असतो. आपला डावा भात्यावर. आयुष्यभर त्याने हवा दिली, एक सूर वाजवला नाही. आणि इथे तर डाव्याला उजव्याच्या दुप्पट काम. मी महिनाभर नुसत्या डाव्या हाताने दुसरी-चौथी, सहावी-आठवी मात्रा वाजवली, उजव्याने मांडीवर ठोके देत. रात्री हेडफोन लावून, घरच्यांना फक्त पट्ट्यांची खटखट ऐकू यायची. आई म्हणायची, टायपिंगची परीक्षा देतोयस का?

हिशेब आठवा : प्रत्येक मात्रा दोनशे मिलिसेकंद. ब्लूटूथ हेडफोनने दीडशे उशीर केला तर तुमचा उजवा हात तुम्हाला जवळजवळ डाव्याच्या जागी ऐकू येणार. म्हणून ती वायर.

साठच्या लयीवर सुरू करा. क्रम असा ठेवा : आधी दोन्ही हात मांडीवर, मग एका कॉर्डवर पट्ट्यांवर, मग दोन कॉर्डांमध्ये. कॉर्ड बदलताना गोची अशी की नवा कॉर्ड आधी डाव्याला धरायचा असतो, दुसऱ्या मात्रेवर, उजव्याच्या एक मात्रा आधी. दोन्ही हात एकदम हलवायची सवय असलेल्याचा तिथे हमखास अडखळा होतो. मी पहिल्या रिकाम्या मात्रेत दोन्ही हात नव्या जागी नेऊन ठेवायला लागलो आणि प्रश्न सुटला. त्या पोकळीचा उपयोग हाही आहे.

दोनशे-दोनशे मिलिसेकंदांच्या या मात्रा यंत्रासारख्या समान ठेवल्या तर बबल चालतो खरा, पण लंगडी घातल्यासारखा वाटतो. दुसरी आणि चौथी मात्रा किंचित मागे रेंगाळली की तो डुलायला लागतो. किती मागे ते प्रत्येक ड्रमर वेगळं ठरवतो. त्याच्या हाय-हॅटकडे (पायाने मिटणाऱ्या दोन झांजांकडे) कान लावा आणि डावा हात त्याला जोडून टाका.

ऑर्गनचा आवाज

हॅमंड ऑर्गनच्या पट्टीला हाताचा दाब कळत नाही. हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. पियानोवाले इथे चाचपडतात. आपल्याला मात्र हे घरचं आहे, कारण पेटीचंही तेच. आवाज कमीजास्त होतो तो भात्याने. ऑर्गनमध्ये भात्याचं काम पायाखालचं एक्स्प्रेशन पेडल करतं. डाव्या हाताने जे करायचात ते आता पायाने करा.

हॅमंडला प्रत्येक सेटमध्ये नऊ ड्रॉबार असतात, पेटीच्या खुंट्यांचे नातेवाईकच म्हणा. कीबोर्डमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये ते पडद्यावर दिसतात. सुरुवातीला पहिले तीन पूर्ण बाहेर, बाकी सहा आत. पर्कशन (सुराच्या सुरुवातीला येणारी टक) बंद. लेस्ली, म्हणजे तो फिरणारा स्पीकर, संथ वेगावर. डाव्या हातासाठी कीबोर्ड दोन भागांत विभागता येत असेल तर तिकडे आवाज आणखी अंधारा ठेवा : तिसरा ड्रॉबार थोडा आत. दाबाने फरक पडत नसल्यामुळे डावा-उजवा यांच्यातला उंचसखलपणा असाच बनवावा लागतो. उजवा थोडा उजळ, डावा थोडा दबलेला. दोन्ही सारखे ठेवलेत तर रेल्वे धडधडत गेल्यासारखं ऐकू येतं.

कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांसाठी सेटबीफ्री नावाचं मोफत ऑर्गन सॉफ्टवेअर आहे. त्यात ड्रॉबार, लेस्ली सगळं मिळतं.

मेलोडिका : पेटीवाल्याला मिळालेलं बक्षीस

एवढं सोसल्यावर एक सोपी गोष्ट. मेलोडिका म्हणजे तोंडाने फुंकायची, बत्तीस किंवा सदतीस पट्ट्यांची छोटी पेटी. आतल्या पितळी पात्या आपल्या पेटीतल्यांच्या चुलत बहिणी, फक्त भात्याऐवजी फुप्फुसं. शाळेतल्या मुलांचं खेळणं समजलं जाणारं हे वाद्य ऑगस्टस पाब्लोने रेगेत असं काही रुजवलं की आता त्याशिवाय डब (गाणं काढून, इको टाकून केलेलं रेगेचं रूप) सुचत नाही. त्याची ‘जावा’ १९७२ ची. त्याच्या मायनर सुरावटींना ‘फार ईस्ट’ ढंग म्हणायचे. जमैकाच्या कानाला जे सुदूर पूर्वेचं वाटलं ते आमच्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांना ऐकवलं तर ते म्हणाले, आसावरीच्या अंगाने जातोय. ए मायनरची साधी स्केल म्हणजे कोमल ग, ध, नि, तेव्हा चूक काहीच नव्हतं.

वाजवताना दोन गोष्टी. प्रत्येक सुराला जिभेने ‘तु’ म्हणा, नाहीतर सगळं ओघळतं. आणि कमी वाजवा. पेटीवाला एकदा मोकळा सुटला की ताना घ्यायला लागतो. चार सूर वाजवा, दोन आवर्तनं थांबा, मग तेच चार थोडे वाकडे करून परत. वाजवून झाल्यावर खालचं झाकण उघडून फुंकून पाणी काढा, दमट हवेत आतल्या पात्या लवकर खराब होतात.

क्लॅव्हिनेट, ब्रासचे तुकडे, सिंथचे आवाज यांचा नंबर नंतर. पहिल्या वर्षात गरज नाही.

आता रेकॉर्ड करा

घरी एकट्याने गाणं उभं करण्यासाठी मॅक किंवा आयफोनवर गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे. विंडोजवर तसंच रीपर साठ दिवस मोफत पूर्ण चालतं. बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर ठेवा, म्हणजे ४४,१०० च्या रेटला जेमतेम तीन मिलिसेकंदांचा भाग. ऑडिओ इंटरफेसची भर पडली तरी हाताला जाणवत नाही.

यंत्र स्वस्त आहे म्हणून अडू नका. १९८५ मध्ये वेन स्मिथने किंग जॅमी या निर्मात्याकडे गायलेलं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ ज्या तालावर उभं आहे तो कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या घरगुती कीबोर्डमधला तयार रॉक रिदम आहे. तो ताल घालणाऱ्या कॅसिओच्या हिरोको ओकुदा यांना तो जमैकाचा नाच बदलून टाकेल असं वाटलंही नसेल. मघाशी मीच म्हणालो होतो ते बटण दाबू नका. दाबा, पण हात शिकल्यावर.

लय पंचाहत्तर. आधी ड्रम : आठ मात्रांच्या हिशेबात पाचवीवर ढोल आणि टक, हाय-हॅट पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्यावर. मग बास, भरपूर मोकळ्या जागा ठेवून. मग पियानोचा स्कँक. मग बबल, आणि तो दोन वेगळ्या ट्रॅकवर घ्या, डावा एक, उजवा एक, म्हणजे आवाज वेगळे करता येतात.

मिडीत (कॉम्प्युटरने टिपलेल्या पट्ट्यांच्या नोंदीत) वाजवलेलं सगळं शंभर टक्के क्वांटाइझ, म्हणजे यंत्राने मात्रेवर नेमकं बसवणं, करू नका. सोळाव्या भागांचा, म्हणजे आपल्या मात्रांचा, स्विंग (मागे रेंगाळणं) चोपन्न ते साठ टक्क्यांच्या दरम्यान ठेवून ऐका. स्कँक मात्र जागेवरच हवा. तो डुलला तर दारूचा परिणाम वाटतो.

पियानोच्या स्कँकमधून अडीचशे हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. ऑर्गनमधूनही खालचा भाग काढा, थोडा वरचाही. सोलो करून, म्हणजे तो ट्रॅक एकटाच, ऐकलात तर हे आवाज किरटे, दरिद्री वाटतील. सोलोत ऐकू नका. बास-ड्रमबरोबर ऐका. बबलची पातळी ठरवायची माझी पद्धत : हळूहळू कमी करत जा, ऐकू यायचा थांबला असं वाटेपर्यंत. मग ट्रॅक म्यूट करा. गाणं अचानक पाय ओढायला लागलं तर पातळी बरोबर होती.

उरला डब. किंग टबी, १९४१ चा जन्म, किंग्स्टनमध्ये रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. त्याने मिक्सरच्या फेडरलाच (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणालाच) वाद्य केलं : गाणारा काढून टाक, बास-ड्रम उघडे ठेव, मध्येच स्कँकचा एक तुकडा इकोत फेक. पाब्लोबरोबरचा त्याचा प्रसिद्ध अल्बम १९७६ चा. घरी हे असं करा. एका सेंडवर (ट्रॅकचा आवाज इफेक्टकडे पाठवणाऱ्या वाटेवर) डिले, म्हणजे प्रतिध्वनी, लावा, वेळ सहाशे मिलिसेकंद, म्हणजे आपल्या तीन मात्रा. फीडबॅक, म्हणजे प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा येण्याचं प्रमाण, निम्म्याच्या आसपास. परत येणाऱ्या आवाजातून खालचं आणि वरचं दोन्ही कापा, म्हणजे प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा मातकट होत जातो. सेंड शून्यावर ठेवा आणि आठ आवर्तनांतून एकदाच, एकाच स्कँकवर, झटक्यात उघडून बंद करा. सहाशे मिलिसेकंद का? तिसऱ्या मात्रेवरचा स्कँक सहावीवर परततो, मग पुढच्या आवर्तनाच्या पहिलीवर. ज्या ‘एक’वर कोणी वाजवत नाही तिथे नेमकी त्याची सावली पडते.

सेंड सतत उघडा ठेवला की सगळं देवळाच्या गाभाऱ्यातल्या घंटेसारखं घुमत राहतं. माझी पहिली सहा-सात मिक्सिंग अशीच होती, आणि मी ती अभिमानाने लोकांना पाठवली होती.

पहिल्यांदा माणसांबरोबर

तीन-चार महिन्यांनी बासवाला आणि ड्रमर गाठा. तिघं पुरेत. घरी वाजवणार असाल तर रात्री दहापर्यंतच. नियम आहे, शिवाय बास भिंतीतून शेजाऱ्याच्या उशीपर्यंत जातो. ड्रमरच्या हाय-हॅटच्या बाजूला बसा, त्याचा हात दिसेल असे. पहिलं गाणं नुसता स्कँक वाजवा, दुसऱ्यात बबल. ताल उलटला असं वाटलं तर वाजवता वाजवता शोधू नका. हात उचला, दोन आवर्तनं पायाने ठेका धरा, पाचव्या मात्रेवरचा ढोल ऐकू आला की पुन्हा शिरा. तुम्ही थांबलात हे समोर बसलेल्यांना कळतही नाही. बासवाल्याला कळतं, आणि तो बहुधा खूश होतो.